काळवंडलेल्या पेशंटच्या हिरड्या बघा : नाशिक जिल्ह्यातल्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील सर्व फॅमिली डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी

स.न.वि.वि.

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या पट्ट्यात तुमच्याकडे येणारे बरेचसे पेशंट उन्हात राबणारे असतात. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि फवारण्या. त्यामुळे कुणी ‘डॉक्टर, मी फार काळा पडलोय’ म्हणालं की उत्तर तयार असतं. ऊन लागलं असेल, औषध मारताना तोंडाला काही बांधत नसेल, रक्त कमी असेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं. हे पत्र उरलेल्या थोड्या माणसांसाठी आहे. त्यांचा काळेपणा आतून, ॲडिसन्स डिसीज (ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा आजार) यासारख्या आजारातून येतो, आणि उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही.

विनंती साधी आहे. काळवंडलेला, थकलेला, वजन उतरलेला माणूस समोर बसला की त्याला तोंड उघडायला लावा आणि हिरड्या, गालाची आतली बाजू, जीभ बघा. तळहात उलटे करून रेषा बघा. बीपी एकदा झोपवून घ्या आणि एकदा उभं करून घ्या. बाहेर बाकावर किती माणसं ताटकळत असतात ते मला दिसतं, पण या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

माझ्या धाकट्या भावाला ॲडिसन्स डिसीज आहे. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. या आजाराबद्दल जे कळलं ते त्याच्या अंथरुणाशेजारी बसून, त्याच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून कळलं. त्याचं निदान होईपर्यंत द्राक्षाचा एक अख्खा हंगाम उलटून गेला. त्या काळात त्याला तपासणारे सगळे भले डॉक्टर होते, कुणी त्याला लुबाडलं नाही. तरीही तो मरणाच्या दारापर्यंत गेला, आणि त्याची सगळी लक्षणं त्याच्या अंगावर उघडी दिसत होती, म्हणून लिहिते आहे.

आईच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते मीठ. वरणभातावर तो वरून मीठ घ्यायला लागला. मग लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत ओतून प्यायला लागला. कैरीची फोड तशीच राहायची, खार संपायचा. रात्री उठून तो मिठाच्या डब्याशी उभा असलेला आईने पाहिला. आम्ही हे दवाखान्यात सांगितलं तेव्हा सल्ला मिळाला, ‘मीठ कमी करा, बीपी वाढेल.’ बीपी मोजलं तर ते नव्वदच्या आसपास होतं. दोन गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या गेल्या, पण एकमेकींशी जोडल्या गेल्या नाहीत.

दुसरी खूण त्याच्या अंगठ्यावर होती. छाटणीच्या कात्रीने कापलं होतं, ती जखम भरली आणि तिचा वण कोळशासारखा काळा झाला. लहानपणी सायकलवरून पडून गुडघ्याला झालेला वण मात्र होता तसाच पांढुरका राहिला. आजार सुरू झाल्यानंतर भरलेल्या जखमा काळ्या पडतात, त्याआधीच्या नाही, हे मला पुढे कळलं. शिवाय जिथे ऊन पोचतच नाही किंवा सतत घासलं जातं तिथे तो जास्त काळा होता. पट्टा घासतो तिथे कमरेवर, काखेत, कोपरांवर, बोटांच्या पेरांवर. तळहाताच्या रेषा तर शाईने गिरवल्यासारख्या दिसत होत्या. आणि हिरड्या निळसर काळ्या. त्या हिरड्या एका डॉक्टरांनी पाहिल्या आणि विचारलं, ‘मिश्री लावतोस की गुटखा खातोस?’ माझा भाऊ सुपारीसुद्धा खात नाही. पण ते वाक्य आमच्यासोबत घरी आलं, तिथून भावकीत गेलं, आणि त्याच्या लग्नाची चाललेली बोलणी थांबली. मुलाला काहीतरी व्यसन आहे, असं त्या लोकांच्या कानावर गेलं होतं.

इथे तुमची अडचणही मला कळते. आपल्याकडे कितीतरी जणांच्या हिरड्या जन्मापासूनच काळसर असतात. जिभेवर गडद ठिपके असणारी निरोगी माणसंही असतात. म्हणून नुसतं बघून भागत नाही, विचारावं लागतं : हे आधी असं होतं का? पेशंटला नक्की सांगता येत नसेल तर सोबत आलेल्या भावाबहिणीच्या हिरड्या बघा. मोबाईलमधला दोन वर्षांपूर्वीचा फोटो मागा, तो आता प्रत्येकाकडे असतो. माणूस नव्याने काळा पडतोय आणि सोबत खंगतोय, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढची पायरी चढायलाच हवी.

आतमध्ये काय बिघडतं ते माझ्यासारख्या वाचकांसाठीही लिहिते, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते, ॲड्रिनल. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं तयार होतात. कॉर्टिसॉलमुळे शरीर ताप, जखम, उपास, ऑपरेशन असले ताण झेलतं. अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ धरून ठेवतं. या ग्रंथी नासल्या की मीठ लघवीवाटे वाहून जातं, रक्तातलं सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं, बीपी पडतं, साखर कमी होते. लोणच्याचा खार पिणारं माझ्या भावाचं शरीर जे गळतंय तेच भरून काढायला बघत होतं.

काळेपणाचा उगम मात्र डोक्यात आहे. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला जागं करायला एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते. ॲड्रिनल उत्तर देत नाही, म्हणून ती आणखी सोडते. हे एसीटीएच आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना चेतवणारं संप्रेरक एकाच मूळ प्रथिनातून निघतात. एसीटीएच खूप वाढलं की तेही त्या रंगपेशींवर जाऊन बसतं आणि मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार होत राहतं, कातडीत आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातही. म्हणून कुठलंही क्रीम या काळेपणाला उतार देत नाही. मेडिकलमधून गोरेपणाची म्हणून नेलेली क्रीमं आमच्याकडे रिकामी झाली. त्यांतल्या एकात तर तीव्र स्टिरॉइड होतं, आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिलं होतं.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या आजाराचं वर्णन छापलं. अशक्तपणा, हृदयाची क्षीण चाल, पोटाची कुरकुर आणि कातडीचा बदललेला रंग, हे सगळं त्यांनी तेव्हाच एकत्र मांडून ठेवलं होतं. त्यांनी अभ्यासलेल्या अनेक ग्रंथी क्षयाने नासलेल्या होत्या. त्या काळी उपचार नव्हता, पेशंट मरायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही उणीव भरून काढणारं कॉर्टिसोन हे औषध हाती आलं. त्या कामासाठी केंडाल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना हाच आजार होता. म्हणजे गोळ्या घेत घेत माणूस देश चालवू शकतो. निफाडमध्ये द्राक्षबाग तर नक्कीच सांभाळू शकतो.

आता सलाईनबद्दल, कारण आमच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत तिथे झाली. भाऊ गळून गेला की आम्ही त्याला दवाखान्यात न्यायचो, सलाईन लागायचं, आणि दोन दिवस तो हसतबोलत फिरायचा. सगळ्यांना वाटायचं, अशक्तपणाच होता, गेला. पण सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. ज्याच्या अंगातून मीठ वाहून जातंय त्याला त्याने तरतरी येणारच. कधी सोबत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शनही असायचं, मग तर चार दिवस बरे जायचे. डॉक्टर, एखादा पेशंट सलाईनने दर वेळी जादू झाल्यासारखा उठत असेल आणि दर वेळी पुन्हा आडवा होत असेल, तर कृपा करून तिथे थांबा. पुढची बाटली लावण्याआधी सोडियम, पोटॅशियम बघा आणि सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला पाठवा. हे रक्त आता पिंपळगाव, लासलगावातूनही लॅबवाले गोळा करतात. कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर ॲड्रिनल काम करत नाही याची जवळपास खात्रीच असते. अधलामधला आकडा आला तर इंजेक्शन देऊन करायची पुढची चाचणी असते, त्यासाठी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे) धाडा. फक्त एक पाहा, पेशंटने आधीच कुठूनतरी स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलेलं असेल तर रिपोर्ट चकवतो. ‘सांधेदुखीची पुडी घेता का?’ हेही विचारा. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्या बरेच महिने घेऊन एकदम थांबवल्या तर ॲड्रिनल झोपलेलीच राहते आणि माणूस तसाच कोसळतो. फरक इतकाच की त्यात कातडी काळी पडत नाही, कारण तिथे एसीटीएचच दबलेलं असतं.

आमच्यावर जी वेळ आली ती तापाने आली. साधा ताप, दोन उलट्या, थोडे जुलाब. दुसऱ्या माणसाने ते घरीच निभावलं असतं. संध्याकाळपर्यंत भाऊ बोलेनासा झाला. मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बीपी लागत नव्हतं, सोडियम ११८ वर उतरलं होतं. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती. तिने त्याची मूठ उघडली, टॉर्च मारून तळहात पाहिला, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि आईला एकच प्रश्न विचारला, ‘हा मीठ जास्त खातो का?’ आई रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी ते आपण होऊन विचारलं होतं. त्या डॉक्टरने रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा घेणारं स्टिरॉइड, दिलं. पहाटे भावाने पाणी मागितलं.

वाट बघायची नाही, हेच इथे सगळ्यात मोलाचं आहे. ॲड्रिनल क्रायसिसची, म्हणजे कॉर्टिसॉलअभावी माणूस असा कोसळतोय याची, शंका आली की १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून, शीर मिळत नसेल तर दंडात किंवा मांडीत, आणि सोबत भराभर सलाईन, असा जगभरचा नियम आहे. निदान चुकीचं निघालं तर त्या एका इंजेक्शनने पेशंटचं फारसं काही बिघडत नाही. निदान बरोबर निघालं तर तो वाचतो. आणि हे कुठलं परदेशातून मागवायचं औषध नाही. दम्याच्या पेशंटसाठी तुमच्या कपाटात जी कुपी ठेवलेली असते तीच ही. लहान गावातला बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर हाच आमच्याकडे पहिला आणि कित्येकदा रात्रीचा एकमेव डॉक्टर असतो. त्याने ती कुपी द्यायची की नाही या विचारात पेशंटला नुसतंच नाशिककडे रवाना केलं, तर वाटेतला तो तास सगळ्यात महाग पडतो.

सीटी स्कॅनमध्ये भावाच्या दोन्ही ॲड्रिनल सुजलेल्या दिसल्या. क्षय होता. खोकला नाही, छातीचा एक्स-रे जवळपास स्वच्छ. परदेशांत हा आजार बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी पोखरल्याने होतो. आपल्याकडे ते असतंच, पण क्षय अजूनही मोठं कारण आहे, आणि हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीमुळेही ॲड्रिनल सुजलेल्या सापडतात. त्यामुळे क्षयाच्या कार्यक्रमात काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना इथे वेगळं सांगायचं आहे. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृत कॉर्टिसॉल भराभर मोडून टाकतं. ज्याची ॲड्रिनल आधीच जेमतेम चालते आहे तो टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांत कोसळू शकतो. घरच्यांना वाटतं गोळ्या सोसल्या नाहीत, आणि ते गोळ्याच बंद करतात. टीबीचा पेशंट औषधं सुरू झाल्यावर सुधारण्याऐवजी उलट्या करत खंगत असेल, चक्कर येऊन पडत असेल, तर त्याच्याही हिरड्या बघा. आणि ज्याचं ॲडिसन आधीच माहीत आहे त्याचा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस रिफाम्पिसिनसोबत वाढवा. भावाच्या डॉक्टरांनी तो वाढवला म्हणून आमचे ते महिने सुखरूप गेले.

आतून काळं पडण्याची इतर कारणंही तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांच्याबद्दल थोडंच लिहिते. बी-१२ कमी पडल्यावर बोटांची पेरं काळी होतात, आणि ते इंजेक्शनाने मागे फिरतं. थॅलसेमियाच्या मुलांना दर बाटली रक्तासोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळतं. ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून ते यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात साचतं आणि कातडी करडी, तांबूस काळी दिसू लागते. त्या मुलाची आई रंगाबद्दल विचारते तेव्हा ती खरं तर लोह उतरवणाऱ्या औषधाबद्दल विचारत असते. आणि क्लोफाझिमिन. कुष्ठरोगाच्या एमडीटीत (अनेक औषधांच्या एकत्रित उपचारात) आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या काही उपचारांत हे औषध असतं. ते मुळात रंगद्रव्यच आहे. ते कातडीत, चरबीत, आतल्या अवयवांतही साठतं आणि माणूस लालसर काळा होत जातो. औषध थांबल्यावर तो रंग सावकाश, महिन्यामहिन्यांनी उतरतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर हे औषध सुरू करताना ते आधीच सांगून ठेवा. गावाने रंगावरून आजार ओळखला तर बाई गोळ्या लपवते, मग सोडते.

आता स्टिरॉइडची धास्ती. निदान झाल्यावर आमच्याशी सर्वात जास्त भांडण याच एका शब्दावरून झालं. नातेवाईक, मेडिकलवाले, एक-दोन डॉक्टरही म्हणाले, ‘स्टिरॉइड कायमचं घेऊ नये, हळूहळू बंद करा.’ भाऊ दिवसाला जे १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन घेतो ते शरीर स्वतः जेवढं बनवतं साधारण तेवढंच आहे. ते औषध नसून उणीव भरणं आहे, जसं मधुमेहात इन्शुलिन. ते बंद केलं तर माणूस जगत नाही. तापात डोस दुप्पट-तिप्पट करायचा, उलटी होत असेल तर गोळीची वाट न बघता इंजेक्शन घ्यायचं, ऑपरेशन किंवा दात काढण्याआधी डॉक्टरला सांगायचं, एवढे नियम त्याला आता पाठ आहेत. मीठ धरून ठेवणारी दुसरी गोळी, फ्लुड्रोकॉर्टिसोन, मात्र तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. ती आणायला दर वेळी शहर गाठावं लागतं. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत तिचा समावेश झाला आहे. यादीत आलेली गोळी निदान उपजिल्हा रुग्णालयात तरी मिळावी, यासाठी तुम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मागणी लावावी. आमच्यासारख्यांनी मागितलं तर ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतात.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, सगळ्यांचा अभ्यासक्रम तिथून चालतो. तुमच्या संघटनांनी तिथे किंवा तालुक्याच्या ठिकाणी या विषयावर एखादं सत्र ठेवलं आणि काळ्या पडलेल्या हिरड्यांचे, तळहातांचे फोटो सावळ्या कातडीवरचे दाखवले तर फार बरं होईल. पुस्तकांत फोटो असतात ते बहुतेक गोऱ्या माणसांचे, आणि आपल्या सावळ्या माणसाच्या अंगावर तो बदल ओळखायला नजर तयार व्हावी लागते. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. लाखो माणसं उन्हात चालतील, घाम गाळतील, उलट्या-जुलाबांनी आजारी पडतील, आणि त्यांत गोळ्या चुकलेले असे पेशंटही असतील. प्रत्येक वैद्यकीय पथकाच्या पेटीत आणि १०८ च्या गाडीत हायड्रोकॉर्टिसोनची कुपी आहे ना, हे आत्ताच बघून ठेवा.

भावाचा रंग आता बराचसा उतरला आहे. अंगठ्यावरचा वण अजून काळा आहे. त्याच्या खिशात एक कार्ड असतं, ते आम्ही मराठीत करून घेतलं, कारण इंग्रजी कार्ड वाचायला रस्त्यावरचा माणूस सापडेलच असं नाही. तुमच्याकडे असा पेशंट असेल तर हा मजकूर जसाच्या तसा वापरा, मागच्या बाजूला तुमचा फोन आणि शिक्का टाका :

‘मला ॲडिसन्स डिसीज आहे. माझ्या शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेतो आणि ते कधीही बंद करायचं नाही. मी बेशुद्ध असेन, उलट्या होत असतील, अपघात झाला असेल किंवा बीपी खूप कमी असेल तर मला ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन आणि सलाईन द्या. तपासणीसाठी थांबू नका. नंतर १०८ ला फोन करून मला मोठ्या रुग्णालयात न्या.’

आपली,
निफाड तालुक्यातील एक शिक्षिका